आमदारांच्या कार्यालयात आरोग्याचं टेबल: नव्याने बसणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

आमदारांच्या संपर्क कार्यालयात दिवसभर माणसं येतात. रस्त्याचं किंवा डीपीचं काम पुढच्या आठवड्यावर गेलं तरी चालतं, पण माणूस आयसीयूत ठेवून जो आलेला असतो त्याचा हिशेब तासांचा असतो. हे टेबल बहुतेक वेळा कार्यालयातल्या सर्वांत नव्या माणसाकडे येतं. स्वीय सहायक म्हणून रुजू झालेल्यांसाठी आणि 'तू दवाखान्याची कामं बघ' असं सांगितलेल्या कार्यकर्त्यांसाठी हा लेख आहे. यातली माहिती महाराष्ट्रापुरती आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. आमदारांचं पत्र म्हणजे आदेश नव्हे. ते योग्य अधिकाऱ्याकडे, योग्य कागदांसह आणि नेमक्या मागणीसह गेलं तर काम होतं, नाहीतर ते फाइलला लागून राहतं. पत्रं लिहिणं या टेबलाचं निम्मंच काम आहे. एकेका रुग्णाच्या अडचणीतून सगळ्या मतदारसंघाचा प्रश्न ओळखायचा आणि तो सभागृहापर्यंत न्यायचा, हे उरलेलं निम्मं.

१. कोणता दवाखाना कोणाच्या ताब्यात, हे आधी लिहून काढा

पहिला आठवडा यालाच द्या. लोकांसाठी सगळेच 'सरकारी दवाखाने' असतात, पण त्यांचे मालक वेगवेगळे आहेत.

उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची. तिथला अधिकारी जिल्हा आरोग्य अधिकारी आणि तालुक्याला तालुका आरोग्य अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, स्त्री रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय थेट सार्वजनिक आरोग्य विभागाची. ती जिल्हा शल्यचिकित्सकांच्या, म्हणजे लोक ज्यांना सिव्हिल सर्जन म्हणतात त्यांच्या, अखत्यारीत येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाचं असतं आणि तिथे अधिष्ठातांशी, म्हणजे डीनशी, बोलावं लागतं. महापालिकेच्या दवाखान्यांसाठी पालिकेचे आरोग्य अधिकारी, तर कामगार विमा रुग्णालयांची व्यवस्था आणखी निराळी.

हा फरक न कळल्याने अर्धी पत्रं चुकीच्या टेबलावर पडतात. शिवाय तो रुग्णाच्या खिशाशीही जोडलेला आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं, पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्या निर्णयात नव्हती. एखाद्या जिल्ह्यात जुनं जिल्हा रुग्णालय नव्या महाविद्यालयाला जोडलं गेलं की 'काल फुकट होतं, आज पैसे का?' असं विचारत माणसं येतात, त्याचं कारण अनेकदा हेच असतं.

या यादीसोबत प्रत्येक केंद्राची मंजूर पदं, भरलेली पदं आणि प्रतिनियुक्तीवर बाहेर असलेले कर्मचारी असा तक्ता करा. प्रतिनियुक्तीचा रकाना विसरू नका. कागदावर डॉक्टर तुमच्या केंद्रात असतो, पगारही तिथूनच निघतो, पण प्रत्यक्षात तो दुसरीकडे काम करत असतो. 'पदे भरलेली आहेत' असं उत्तर येतं ते त्यामुळे.

लोकसंख्येचे निकषही जवळ ठेवा. सपाट भागात ५,००० लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३०,००० ला एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी आणि आदिवासी भागात हेच आकडे ३,००० आणि २०,००० असे आहेत. नवीन केंद्राची मागणी करणारं शिष्टमंडळ आलं की आधी हा हिशेब मांडा.

२. समोर बसलेल्या माणसाला काय विचारायचं

आधी पाणी द्या, मग विचारा. घाबरलेला माणूस गोष्ट मधूनच सांगायला लागतो, म्हणून प्रश्नांचा क्रम तुम्ही ठरवा:

- रुग्ण आत्ता कुठे आहे? घरी, दाखल, की रुग्णवाहिकेत?
- डॉक्टरांनी आजाराचं नेमकं नाव काय लिहून दिलंय?
- रुग्णालय कोणतं आणि ते कोणत्या योजनांत आहे?
- रेशन कार्ड आहे का, आणि रुग्णाचं नाव त्यावर आहे का?
- आजवर किती पैसे भरले आणि पावत्या आहेत का?
- रुग्णाचं वय काय?

वयाचा प्रश्न साधा वाटतो, पण त्यावर वाट बदलते. १८ वर्षांखालच्या मुलाला हृदयाची शस्त्रक्रिया लागत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ती मोफत होऊ शकते. वय ७० किंवा जास्त असेल तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं.

रुग्ण वाटेत किंवा घरी गंभीर असेल तर योजनांची चर्चा थांबवून आधी १०८ लावा. गरोदर महिला आणि नवजात बाळासाठी १०२ आहे.

३. योजनांचा क्रम पाळा

इथे सर्वांत जास्त चुका होतात. लोक थेट 'मुख्यमंत्री निधीचं पत्र द्या' म्हणून येतात आणि नवा माणूस लगेच पत्र टाइप करायला घेतो. मुख्यमंत्री निधी ही शेवटची पायरी आहे. तिथे अर्ज तपासताना हा उपचार दुसऱ्या योजनेत बसतो का, हे पाहतातच. बसत असेल तर अर्ज परत येतो आणि मधले दिवस वाया जातात.

पहिली पायरी: सरकारी रुग्णालयात हा उपचार होतो का? डायलिसिस बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत होतं, तरी माहिती नसल्याने माणसं खासगीत पैसे भरत राहतात.

दुसरी पायरी: महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली ही योजना आता केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पांढरं रेशन कार्डही चालतं, हे अजून अनेकांना माहीत नाही. अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील करून घेतलेल्या, रुग्णालयात योजनेचा मदतनीस म्हणजे आरोग्यमित्र बसतो, रुग्णाच्या नातेवाइकाला आधी त्याच्याकडे पाठवा. हेल्पलाइन १५५३८८ आणि १८००२३३२२००.

इथले सापळे नीट लक्षात ठेवा. रुग्णालय योजनेत असतं, पण तुम्हाला हव्या त्या विभागासाठी अंगीकृत नसतं. हाडांसाठी आहे आणि कर्करोगासाठी नाही, असं होतं. म्हणून 'योजनेत आहे का' एवढंच न विचारता 'या आजारासाठी आहे का' असं विचारा. दुसरं, आधी रोख भरून उपचार घेतले आणि नंतर योजनेत बसवा म्हटलं तर बहुधा जमत नाही, कारण मंजुरी उपचाराआधी लागते. तातडीच्या रुग्णासाठी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, ती घ्यायला रुग्णालयाला सांगा. तिसरं, आधार आणि रेशन कार्डावरच्या नावात फरक असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांच्या बाबतीत तर हमखास. नवजात बाळाचं नाव रेशन कार्डावर नसतंच, तिथे जन्मदाखला आणि पालकांचं कार्ड लागतं.

तिसरी पायरी: धर्मादाय रुग्णालय. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, त्यावर ३ लाख ६० हजारांपर्यंत दुर्बल घटक. यासाठी रुग्णालयाने आपल्या बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची असते. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घ्यायचं, कागद नंतर पाहायचे, असा नियम आहे. 'खाट शिल्लक नाही' असं तोंडी उत्तर मिळालं तर ते लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाशी बोला. लेखी मागितल्यावर उत्तर बदलण्याची शक्यता बरीच असते.

चौथी पायरी: मुख्यमंत्री सहायता निधी. अर्ज मंत्रालयातल्या कक्षाकडे जातो आणि जिल्हाधिकारी कार्यालयांतही आता त्यासाठी कक्ष आहेत. आमदारांच्या पत्राशिवायही अर्ज करता येतो, हे लोकांना मोकळेपणाने सांगा. तुमचा उपयोग कागद पुरे करून देण्यात आहे.

४. कागदांची थैली

मुख्यमंत्री निधीसाठी साधारण हे लागतं:

- विहित नमुन्यातला अर्ज
- रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक, खासगी रुग्णालय असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांनी प्रमाणित केलेलं
- तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, १ लाख ६० हजारांच्या मर्यादेतला
- रुग्णाचं आधार कार्ड आणि रेशन कार्ड
- आजाराचे अहवाल
- दाखल रुग्णाचा जिओ टॅग (फोटोवर ठिकाणाची नोंद) असलेला फोटो
- अपघात असेल तर पोलिसांकडची नोंद
- अवयव प्रत्यारोपण असेल तर प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडची नोंदणी

पैसे रुग्णालयाच्या खात्यात जातात, नातेवाइकांच्या हातात येत नाहीत. घरी सोडल्यानंतर बिलाची भरपाई मिळत नाही. ही दोन वाक्यं पहिल्याच भेटीत सांगून टाका, म्हणजे महिन्याभराने कोणी पावत्यांचा गठ्ठा घेऊन रडत येणार नाही.

सर्वांत जास्त वेळ उत्पन्नाच्या दाखल्यात जातो. तिथे तहसील कार्यालयाला आमदारांच्या कार्यालयातून एक फोन गेला, तर तो कोणत्याही शिफारसपत्रापेक्षा जास्त कामाचा ठरतो.

५. पत्र असं लिहा

'सदर रुग्णाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' हे वाक्य सोडून द्या. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला त्यातून काय करायचं ते कळत नाही. पत्रात चार गोष्टी हव्यात: काय घडलं, कोणत्या तारखेला, कोणत्या नियमाने किंवा योजनेने हक्क आहे, आणि कोणती कृती कधीपर्यंत हवी आहे.

'प्राथमिक आरोग्य केंद्रात दि. १२ ते १९ जून या काळात सर्पदंशावरील प्रतिविष उपलब्ध नव्हते. या काळात रुग्णांना तालुक्याच्या ठिकाणी पाठवावे लागले. सध्याचा साठा, मागणी नोंदवल्याची तारीख व पुरवठ्याची तारीख सात दिवसांत कळवावी.' एवढं पुरतं.

पत्र थेट मंत्र्यांना पाठवायचा मोह आवरा. ते वरून 'आवश्यक कार्यवाहीसाठी' असा शेरा घेऊन त्याच जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे उतरतं, ज्याच्याकडे ते तुम्ही पहिल्याच दिवशी नेऊ शकला असता. आधी जिल्हा, मग उपसंचालक, मग आयुक्तालय आणि शेवटी मंत्रालय. प्रत्येक पत्राची पोच घ्या, तीवर आवक क्रमांक हवाच.

बदल्यांची पत्रं येतील. दुर्गम केंद्रातला डॉक्टर किंवा परिचारिका गावाजवळ बदली मागायला येते आणि तिची अडचण खरीही असते. पण १९७९ च्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांनी बदलीसाठी असा बाहेरून दबाव आणायला कर्मचाऱ्याला मनाई केली आहे, तेव्हा तुमचं पत्र त्याच्याच अंगलट येऊ शकतं. आणि ज्या केंद्रातून तुम्ही माणूस हलवाल, तिथलं रिक्त पद पुढच्या अधिवेशनात तुम्हालाच विचारावं लागेल.

६. नोंदवही: एकाचं दुखणं की सगळ्यांचं

प्रत्येक अर्जाची नोंद ठेवा. तारीख, गाव, कोणतं आरोग्य केंद्र, अडचणीचा प्रकार, कोणाला लिहिलं, उत्तर कधी आलं, शेवट काय झाला. रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत आणि इथे फक्त क्रमांक.

महिन्याच्या शेवटी गाव आणि अडचणीचा प्रकार हे दोन रकाने एकत्र वाचा. एकाच केंद्रातून चार बाळंतिणी शहरात रेफर झाल्या असतील, तर तिथे रात्री डॉक्टर राहत नाही किंवा प्रसूती कक्षात काहीतरी बिघडलंय. रेबीजच्या लशीसाठी तीन गावांतून फोन आले असतील, तर तो पुरवठ्याचा प्रश्न आहे. हा या टेबलाचा गाभा आहे. नोंदवही नसलेल्या कार्यालयात तेच काम दरवेळी नव्याने सुरू होतं.

आशांशी, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांशी, संपर्क ठेवा. साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशा असते आणि कोणत्या घरात कोण आजारी आहे हे तिला आधी कळतं. तिने सांगितलेली माहिती तिच्या नावासकट कधीही अधिकाऱ्यापुढे ठेवू नका, नोकरी तिची आहे.

७. केंद्राची भेट

आमदारांचा दौरा ठरवताना सत्काराला वेळ ठेवू नका. बाह्यरुग्ण विभाग चालू असताना जा. पाहायच्या गोष्टी: औषध साठ्याची नोंदवही आणि प्रत्यक्ष कपाट, लशींच्या फ्रीजचं तापमान, प्रसूती कक्षातलं पाणी आणि वीज, जनरेटरला डिझेल, रुग्णवाहिकेचा चालक, कर्मचाऱ्यांची राहती घरं. लशींचा फ्रीज २ ते ८ अंशांत हवा आणि रोज दोनदा नोंद हवी. आठवड्याभराच्या नोंदी एकाच शाईत, एकाच हातात आणि एकाच आकड्यात दिसल्या तर अधिक चौकशी करा. राहती घरं गळत असतील तर डॉक्टर मुक्कामी का राहत नाही, याचं उत्तर तिथेच मिळेल.

रुग्णांसमोर वैद्यकीय अधिकाऱ्याला झापणं टाळायला सांगा. कॅमेऱ्यापुढे तर मुळीच नको. औषध न येणं किंवा पद रिकामं असणं त्याच्या हातात नसतं आणि खरी माहिती देणारा माणूस तोच असतो. रुग्ण दगावल्यावर जमाव घेऊन रुग्णालयात शिरणाऱ्या कार्यकर्त्यांना वेळीच थांबवा. २०१० च्या राज्य कायद्यानुसार वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरचा हिंसाचार आणि तोडफोड हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई भरावी लागते.

८. खासगीपणा

मदत मिळालेल्या रुग्णाचा खाटेवरचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायची पद्धत बंद करा. आजारी माणूस नाही म्हणायच्या स्थितीत नसतो. एचआयव्हीबाधित व्यक्तीची माहिती उघड करायला २०१७ च्या कायद्याने बंदी आहे आणि लैंगिक अत्याचार झालेल्या बालकाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. अहवालांचे फोटो कार्यालयाच्या सामायिक ग्रुपवर फिरवू नका, एका फोनवर घ्या आणि काम झालं की पुसून टाका.

९. आमदार निधी

आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाची रक्कम २०२२-२३ पासून वर्षाला ५ कोटी आहे. आमदार काम सुचवतात, मंजुरी आणि खर्च जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेतून होतो. कोणा एका व्यक्तीच्या उपचारासाठी हा निधी देता येत नाही, हे लोकांना वारंवार सांगावं लागेल.

उपकरण सुचवण्याआधी दोन प्रश्न विचारा: ते चालवणारं पद भरलेलं आहे का, आणि दुरुस्तीचा खर्च कोण करणार? तंत्रज्ञ नसलेल्या रुग्णालयात दिलेलं सोनोग्राफी यंत्र खोक्यात पडून राहतं. कधीकधी पाण्याची टाकी आणि सोलर इन्व्हर्टर हेच त्या केंद्रासाठी मोठं काम असतं.

१०. सभागृह

विधानसभेचे २८८ आणि विधान परिषदेचे ७८ सदस्य वर्षातून साधारण तीन वेळा बसतात: अर्थसंकल्पीय आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपुरात. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते, अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात, म्हणून नोंदवहीतले विषय महिनाभर आधीच बाजूला काढून ठेवा.

प्रश्नाची बांधणी ठरलेली असते. '(१) अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात दिनांक अमुक रोजी वा त्यादरम्यान सर्पदंशावरील प्रतिविष उपलब्ध नसल्याचे निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, त्यानुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?'

इथे तारखेवर सगळं अवलंबून आहे. प्रश्न गेला की माहितीसाठी तो आयुक्तालयातून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला आणि शेवटी त्याच केंद्रात येतो. तेवढ्यात बऱ्याचदा औषध पोहोचतं किंवा डॉक्टर हजर होतो. रुग्णांच्या दृष्टीने हे चांगलंच, पण 'औषध उपलब्ध नाही' असं वर्तमानकाळात विचारलं असेल तर 'हे खरे नाही' एवढंच उत्तर छापून येतं आणि विषय तिथेच संपतो. नेमका काळ दिला असेल तर किमान 'हे अंशतः खरे आहे' म्हणावं लागतं आणि पुढच्या भागांना उत्तर देणं भाग पडतं. गावाचं नाव, केंद्राचं नाव, पदाचं नाव यांत एक चूक झाली तरी तोच परिणाम होतो. म्हणून साठा नोंदवहीची तारीख स्वतः पाहिल्याशिवाय प्रश्न पाठवू नका. न्यायालयात असलेला विषयही टाळा, तो स्वीकारला जात नाही.

तारांकित प्रश्नावर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात, त्यामुळे आमदारांच्या हातात एक पानाचं टिपण द्या: तीन आकडे, दोन तारखा, एक मागणी. अतारांकित प्रश्नाचं उत्तर लेखी येतं, म्हणून रिक्त पदांची केंद्रनिहाय यादी मिळवायला तो उत्तम. अचानक उद्भवलेल्या गंभीर विषयासाठी नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना असते. उत्तर अपुरं वाटलं तर अर्धा तास चर्चा मागता येते. अर्थसंकल्पीय अधिवेशनात आरोग्य खात्याच्या खर्चाच्या मागण्यांवर कपात सूचना (मागितलेली रक्कम कमी करा, असं सुचवून विषय मांडणं) देता येतात, आणि नागरिकांची लेखी तक्रार विनंती अर्ज समितीकडे नेण्याचा मार्गही आहे, तो फार कमी वापरला जातो.

मंत्र्यांनी सभागृहात 'तीन महिन्यांत पद भरू' म्हटलं तर ते आश्वासन होतं आणि आश्वासन समिती त्याचा माग ठेवते. त्या दिवसाचं कामकाज मिळवा, ते वाक्य नोंदवहीत त्या केंद्राच्या पानावर तारखेसह उतरवा, आणि तीन महिने संपतील त्या दिवशी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र जाईल अशी खूण करून ठेवा. उत्तराची प्रत ज्या गावातून पहिली तक्रार आली होती त्या ग्रामपंचायतीला पाठवा, ग्रामसभेत ती वाचली जाऊ द्या.